काम बदललं तरी लाभ सोबत राहतील: गिग कामगार आणि फ्रीलान्सरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

डिलिव्हरी, कॅब, घरपोच सेवा किंवा स्वतंत्रपणे डिझाइन, लेखन, कोडिंग करणाऱ्या बहुतेकांकडे काही ना काही असतं. ई-श्रम कार्ड (कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) असतं, ॲपने दिलेला विमा असतो, जुन्या नोकरीचं पीएफ खातं असतं. तरीही अपघात झाला किंवा आयडी बंद पडला की यातलं काहीच वेळेवर हाताशी येत नाही. आधारवरचं नाव एक आणि बँकेतलं दुसरं, विमा फक्त ऑर्डर चालू असतानाचा, पीएफचा पैसा नोकरी सोडल्या सोडल्या काढून संपलेला, नॉमिनीचा रकाना रिकामा. यातली प्रत्येक चूक टाळता येते, पण त्यासाठी कामं ठरावीक क्रमाने करावी लागतात.

सगळ्या लेखात एकच कसोटी लावा: उद्या हे ॲप किंवा हा क्लायंट सुटला तर हा लाभ माझ्या नावावर चालू राहील का? उत्तर 'नाही' असेल, तर त्या लाभाला जोड म्हणून धरा, त्याच्यावर विसंबू नका.

## सुरुवातीआधी: तुम्ही कोणत्या गटात मोडता?

पुढच्या प्रत्येक टप्प्यावर याचं उत्तर लागणार आहे, म्हणून आधी हे ठरवा.

पहिला गट: ॲपमार्फत काम मिळणारे रायडर, ड्रायव्हर, घरपोच सेवा देणारे. दुसरा गट: थेट क्लायंटकडून काम घेऊन बिल लावणारे फ्रीलान्सर. तिसरा गट: दिवसा नोकरी आणि संध्याकाळी ॲप, म्हणजे एकीकडे पीएफ कापला जातोय आणि दुसरीकडे पेआउट येतंय.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या सातव्या अनुसूचीत ॲग्रिगेटरांचे, म्हणजे ॲपवरून ग्राहक आणि काम करणारा यांना जोडणाऱ्या कंपन्यांचे, प्रकार दिले आहेत. प्रवासी वाहतूक, अन्न व किराणा डिलिव्हरी, मालवाहतूक आणि ऑनलाइन बाजार यांच्यासोबत व्यावसायिक सेवा आणि मजकूर व माध्यम सेवाही त्यात आहेत. त्यामुळे एखाद्या प्लॅटफॉर्मवरून लेखनाचं किंवा डिझाइनचं काम घेणाऱ्याने 'हे फक्त रायडरांसाठी आहे' असं समजून बाजूला राहू नये. पूर्णपणे थेट क्लायंटवर चालणाऱ्याला मात्र ॲग्रिगेटरच्या अंशदानातून (त्यांनी सामाजिक सुरक्षेसाठी भरायच्या रकमेतून, टप्पा ३ पाहा) काही मिळेल असं धरून चालता येणार नाही. त्याने टप्पा ४ पासून पुढचा भाग जास्त गांभीर्याने घ्यावा.

## टप्पा १: नाव, जन्मतारीख, मोबाइल आणि बँक खातं एका रेषेत आणा

कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच लोक ते सोडून थेट नोंदणीकडे धावतात आणि तिथेच अडकतात.

१. आधार, पॅन, बँक पासबुक आणि रेशन कार्ड समोर ठेवा. चारही ठिकाणचं नाव अक्षरश: ताडून पाहा. आपल्याकडे दोन गोंधळ हमखास असतात. जुन्या कागदांवर आडनाव आधी आणि नव्या कागदांवर शेवटी, हा एक. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आलं, पण पॅन आणि बँकेत वडिलांचंच राहिलं, हा दुसरा. पुढे विम्याचा दावा करताना घरच्यांना प्रतिज्ञापत्रासाठी पळावं लागतं, ते यामुळेच.

२. आधी कोणता कागद बदलायचा ते ठरवा. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून आधार बरोबर असेल तर त्याला हात न लावता बाकीचे कागद त्याच्याप्रमाणे करून घ्या. आधारच चुकलेलं असेल तर ते आधी दुरुस्त करा आणि मगच बाकीचे अर्ज भरा.

३. आधारला जोडलेला मोबाइल नंबर स्वतःचा आणि चालू हवा. रिचार्जअभावी बंद झालेला नंबर, किंवा कधीतरी दुकानदाराने टाकलेला त्याचाच नंबर, ही नोंदणी अडण्याची नेहमीची कारणं आहेत.

४. 'आधार सीडिंग' तपासा, म्हणजे आधारवरून येणारा पैसा कोणत्या खात्याला जोडला आहे ते पाहा. खात्याला आधार देऊन केवायसी झाली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. सरकारी योजनेचा पैसा आधारवरून पाठवला जातो, तेव्हा तो एकाच खात्यात जातो: जे शेवटचं सीड केलं असेल त्यात. ॲपसाठी नवं खातं उघडताना फॉर्मवर एक खूण केली आणि जुन्या खात्याचं सीडिंग गेलं, असं सर्रास होतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहता येतं.

तपासा: रोजच्या पेट्रोल-खर्चाचं खातं आणि योजनांच्या हप्त्यांचं खातं वेगळं ठेवा. हप्त्याच्या खात्यात थोडी शिल्लक कायम राहिली पाहिजे. ज्या खात्यातून रोज शेवटचा रुपया निघतो, त्यातला ऑटो डेबिट कधीतरी फसणारच.

## टप्पा २: ई-श्रम नोंदणी, योग्य प्रकारात

नोंदणी मोफत आहे. स्वतः पोर्टलवर करा किंवा सीएससी केंद्रात (सरकारी सेवांचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात) जा. ई-श्रमचा मदत क्रमांक १४४३४ आहे. आधार, त्याला जोडलेला मोबाइल, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड एवढं लागतं.

१. आधी प्रकार निवडा. पोर्टलवर असंघटित कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार असे वेगळे मार्ग आहेत. केंद्रातली व्यक्ती घाईत असंघटित कामगार म्हणून नोंद करते आणि रायडरला ते कळतही नाही. पहिल्या गटातल्यांनी 'प्लॅटफॉर्म कामगार म्हणून करा' असं स्पष्ट सांगावं. असंघटित कामगाराच्या नोंदणीला १६ ते ५९ वय, पीएफ किंवा ईएसआयचं (नोकरदारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) सदस्यत्व नसणं आणि आयकर भरणारा नसणं या अटी आहेत. तिसऱ्या गटातल्या माणसाने चुकीची माहिती देऊन ती नोंदणी करू नये.

२. ज्या ज्या ॲपवर काम करता त्या सगळ्यांची माहिती द्या. फक्त मोठ्या ॲपचं नाव देऊन थांबू नका.

३. नॉमिनी भरा. नंतर भरू म्हणून सोडलेला रकाना पुढे तसाच राहतो.

४. कार्ड उतरवून घ्या आणि त्यावरचा बारा अंकी क्रमांक लिहून ठेवा.

सावध: या क्रमांकालाही यूएएन (युनिव्हर्सल अकाउंट नंबर) म्हणतात आणि पीएफच्या क्रमांकालाही. दोन्ही बारा अंकीच, पण ते पूर्णपणे वेगळे आहेत. पीएफच्या पोर्टलवर ई-श्रमचा क्रमांक टाकून 'माझं खातंच दिसत नाही' म्हणणारे खूप भेटतात. कागदावर 'ई-श्रम यूएएन' आणि 'पीएफ यूएएन' असं पूर्ण नाव लिहा.

हेही लक्षात घ्या: ई-श्रम कार्ड म्हणजे विम्याची पॉलिसी नाही. ते काढलं की दरमहा खात्यात पैसे येतात, हा व्हॉट्सॲपवरचा दावा खोटा आहे. कार्डाने तुमची ओळख नोंदली जाते आणि तिच्या आधारे पुढचे लाभ जोडले जातात. उदाहरणार्थ, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात प्लॅटफॉर्म कामगारांना ओळखपत्र, ई-श्रम नोंदणी आणि आयुष्मान भारतमधून आरोग्य संरक्षण देण्याचं जाहीर झालं. त्यात मोजलं जाण्याची पहिली पायरी ही नोंदणीच आहे.

## टप्पा ३: कामाचा पुरावा दर महिन्याला उतरवून ठेवा

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित टप्पा हाच. ॲपमध्ये सगळं दिसतंय, मग वेगळं कशाला ठेवायचं, असं वाटतं. पण आयडी बंद झाला की पहिल्यांदा जातो तो ॲपमधला हिशोबच. ज्या दिवशी पुराव्याची गरज पडते त्याच दिवशी तो उघडता येत नाही.

संहितेनुसार ॲग्रिगेटरांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा. डिसेंबर २०२५ अखेरीस प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय नियमांच्या मसुद्यात पात्रतेसाठी आर्थिक वर्षात एका ॲग्रिगेटरकडे ९० दिवस किंवा अनेकांकडे मिळून १२० दिवस काम, अशी अट मांडली होती. तिचं अंतिम रूप काहीही असो, दिवस मोजले जाणार आणि तुमच्याकडे स्वतःचा हिशोब असायला हवा.

ॲपवाल्यांनी करायचं ते असं: आठवड्याचं किंवा महिन्याचं पेआउट स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवा. तशी सोय नसेल तर तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. प्रोफाइलच्या पानाचा, आयडी क्रमांकाचा आणि रुजू तारखेचा एक फोटो ठेवा. सगळं स्वतःच्या ईमेलवर पाठवा, कारण फोन फुटतो किंवा चोरीला जातो.

फ्रीलान्सरांचा पुरावा म्हणजे क्रमांक घातलेलं बिल, कामाची ऑर्डर सांगणारा ईमेल आणि खात्यात जमा झालेली रक्कम. तिन्ही जुळली पाहिजेत. क्लायंटने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल तर आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात तो दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर वर्ष संपायची वाट न पाहता क्लायंटला कळवा. कर लागत नसला तरी कापलेला टीडीएस परत मिळवायला विवरणपत्र भरावंच लागतं. शिवाय भरलेली विवरणपत्रंच पुढे घरकर्जासाठी किंवा मोठ्या रकमेच्या विम्यासाठी उत्पन्नाचा पुरावा म्हणून चालतात.

## टप्पा ४: अपघात आणि मृत्यूचं संरक्षण

दिवसभर रस्त्यावर असणाऱ्याने हा टप्पा एका बैठकीत उरकावा.

१. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. ड्युटीवर होता की नाही हा प्रश्नच इथे येत नाही.

२. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: वर्षाला ४३६ रुपये. १८ ते ५० वयात घेता येते आणि ५५ पर्यंत चालू ठेवता येते. कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. मात्र नव्याने घेतल्यावर पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो.

दोन्ही योजनांचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मे महिन्याच्या उत्तरार्धात खात्यात किमान ४५६ रुपये ठेवा. तीन बँकांत तीन अर्ज करून तिप्पट विमा मिळत नाही. एका माणसाला एकच मिळतो, जास्तीचा हप्ता वाया जातो.

३. आता ॲपचा विमा वाचा. तीन गोष्टी शोधा: संरक्षण लॉगिन असताना आहे की फक्त ऑर्डर हातात असताना, घटना किती तासांत कळवायची, आणि किती दिवस काम केलं तरच पॉलिसी लागू राहते. शेवटची ऑर्डर देऊन घरी परतताना झालेला अपघात यात बसतो का, हे ॲपच्या मदत विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

४. गाडीच्या विम्यातलं मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण पाहा. ते १५ लाखांचं असतं, पण गाडी तुमच्या नावावर आणि परवाना वैध असला तरच. भावाच्या किंवा वडिलांच्या नावावरची बाइक चालवणाऱ्या रायडरला ते लागू होत नाही. अशांनी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असं एक कलम असतं. खासगी वापराच्या विम्यावर भाड्याने डिलिव्हरी चालते का, हे तिथे पाहून विमा कंपनीला लेखी विचारा.

सावध: हात मोडून दोन महिने घरी बसावं लागलं तर २० रुपयांच्या योजनेतून काही मिळत नाही. ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठीच आहे. बुडालेल्या कमाईसाठी वैयक्तिक अपघात पॉलिसीत तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक लाभ मागून घ्या. आणि निदान दोन-तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात साठवा. ईएसआयवाल्याला आजारपणात काही रक्कम मिळते, तुम्हाला मिळत नाही.

अपघात झालाच तर पोलिसांत नोंद, पंचनामा आणि रुग्णालयातली एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद) करून घ्या. 'किरकोळ आहे, मिटवून टाका' म्हणून नोंद टाळली की नंतर कोणताच दावा उभा राहत नाही.

## टप्पा ५: आरोग्य विमा, जो ॲपसोबत संपणार नाही

क्रम असा: आधी सरकारी योजनेतली पात्रता, मग स्वतःची पॉलिसी, आणि शेवटी ॲपचा गट विमा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही तपासाव्यात. संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. अडचण येते ती रेशन कार्डात. लग्न होऊन आलेली बायको किंवा नवं बाळ त्यावर नसेल, तर ऐन दाखल करताना धावपळ होते. नावं आज चढवा. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांच्या मदतीला आरोग्यमित्र असतो, पात्रता त्याच्याकडून खात्री करून घ्या. सगळी रुग्णालयं आणि सगळे उपचार यात नसतात, म्हणून घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आधीच माहीत हवं.

स्वतःची पॉलिसी परवडत असेल तर तब्येत चांगली असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) असू शकतो आणि तो पॉलिसी घेतल्यापासून मोजला जातो. ॲपचा गट विमा आहे म्हणून तीन वर्षं थांबलात आणि मग आयडी बंद झाला, तर तुमची मोजणी शून्यापासून सुरू होते. गट विम्यातून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे बाहेर पडण्याआधीच विचारा.

रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, तंबाखू यातलं काहीही लपवू नका. एजंट 'लिहू नका, हप्ता वाढेल' म्हणाला तरी लिहा. सलग ६० महिने पूर्ण होईपर्यंत माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही.

कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा. पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ सोबत येतो. जुनी पॉलिसी बंद पडू देऊन नवी घेतली तर तो जातो. हप्ता चुकला तर वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलत असते, पण त्या मधल्या दिवसांतलं आजारपण धरलं जात नाही.

## टप्पा ६: जुनं पीएफ खातं

आधी नोकरी केली असेल तर पीएफचा यूएएन शोधा, केवायसी पूर्ण करा आणि ई-नॉमिनेशन भरा. लग्नानंतर नॉमिनेशन नव्याने करा. हप्ते थांबले तरी शिलकीवर व्याज मिळत राहतं, त्यामुळे फक्त पडून आहे म्हणून काढू नका.

पेन्शनचा भाग वेगळा आहे आणि तिथली चूक महाग पडते. पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते. सेवा कमी असेल तर फॉर्म १०सी भरून पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येतं. पुढे कधी नोकरी लागली तर आधीची वर्षं त्यात मिळवली जातात. सहा वर्षांची सेवा झालेल्याने पैसे काढले की ती सहा वर्षं गेली. नव्या नोकरीत रुजू होताना जुनाच यूएएन द्या.

## टप्पा ७: पेन्शन, दार बंद होण्याआधी निवडा

इथे क्रमाला सर्वात जास्त किंमत आहे, कारण एक योजना घेतली की दुसरीची पात्रता जाऊ शकते.

महिन्याचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत, वय १८ ते ४०, पीएफ-ईएसआय-एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) नाही आणि आयकर लागत नाही, असं असेल तर आधी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन पाहा. वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं आणि साठीनंतर ३,००० रुपये पेन्शन मिळतं. एनपीएस खातं आधी उघडलंत तर ही पात्रता जाते.

अटल पेन्शन योजनाही १८ ते ४० वयातच घेता येते. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना तिच्यात प्रवेश नाही. ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी महिन्याला २१० रुपये लागतात आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. ठरवायचं असेल तर याच वर्षी ठरवा.

उत्पन्न जास्त किंवा वय चाळिशीपुढे असेल तर एनपीएस. त्याचा खाते क्रमांक, म्हणजे प्रान, तुमच्या नावावर असतो. उद्या नोकरी लागली तर तोच मालकाला द्यायचा, आणि आधीचा प्रान असेल तर नवा न काढता तोच चालू करायचा. कमाई वर-खाली होत असेल तर महिन्याचा मोठा आकडा बांधून घेऊ नका. वर्षाला किमान १,००० रुपये भरून खातं जिवंत ठेवा आणि सणासुदीच्या जास्त कमाईतून वाढीव भरा. पीपीएफ घेतलं तर त्यात वर्षाला किमान ५०० रुपये पुरतात, पण पैसा १५ वर्षं अडकतो. घरखर्चाची शिल्लक साठवून झाल्यावरच तिकडे वळा.

## टप्पा ८: ॲप, शहर किंवा क्लायंट बदलताना

- जुनं ॲप सोडण्याआधी सगळी स्टेटमेंट आणि विम्याचं प्रमाणपत्र उतरवून घ्या. आयडी बंद करायची विनंती त्यानंतर.
- ॲपचा विमा नेमका कोणत्या तारखेला संपतो ते लिहून ठेवा. नव्या ॲपचा विमा पहिल्या दिवसापासून लागू होईलच असं धरू नका.
- ई-श्रमवर नवं ॲप, नवा पत्ता, नवा मोबाइल नोंदवा.
- पेआउटसाठी नवं बँक खातं उघडावं लागलं तर सीडिंग आणि ऑटो डेबिट जुन्याच खात्यावर आहेत ना, ते पुन्हा पाहा.
- मोबाइल नंबर बदलताना आधी आधार, मग बँक, मग पीएफ, एनपीएस आणि विमा. जुनं सिम हे सगळं होईपर्यंत चालू ठेवा.

हे सगळं झालं की एका कागदावर ई-श्रम यूएएन, पीएफ यूएएन, प्रान, आरोग्य पॉलिसीचा क्रमांक व मदत क्रमांक, आणि २० व ४३६ रुपये कापले जातात त्या बँक शाखेचं नाव लिहा. तो कागद नॉमिनीच्या हातात द्या आणि समजावून सांगा की या दोन योजनांचा दावा त्याच बँकेत करायचा असतो आणि तो लवकर, शक्यतो ३० दिवसांच्या आत करायचा असतो. पासबुकात हप्ता कापल्याची नोंद कुठे दिसते, तीही त्यांना एकदा दाखवा.